पुण्याच्या मावशीचा फोन

इंदुमती सिस्टरांना मी आयुष्यात तीनदा पाहिलं. ऐकलं किती वेळा, ते सांगता येणार नाही. माझं काम मोजण्याचं. सणसरच्या दूध संस्थेचा मी सचिव होतो. दुधाचं माप आणि फॅट यांत माझी सकाळ-संध्याकाळ जायची. पण सिस्टरांच्या फोनांची मोजदाद मी ठेवली नाही, आणि जो आकडा ठेवला नाही तो अंदाजाने सांगायची मला सवय नाही. पुष्कळ वेळा ऐकलं, एवढंच खरं.

पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते पुण्यात, माझ्या थोरल्या वहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी. वहिनीच्या स्तनात गाठ निघाली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तारीख दिली, आम्ही तारखेला गेलो आणि परत आलो, कारण वहिनीच्या अंगात रक्त कमी होतं. पुढच्या तारखेला गेलो, तर खोकला होता. म्हणून पुन्हा परत. त्या दिवशी आमच्याबरोबर डाळजची एक म्हातारी परत निघाली होती. तिला सकाळी लेकीने दही-भाकरी खाऊ घातली होती. रिकाम्या पोटी एवढं मोठं काम आईला कसं सोसणार, असं लेकीचं म्हणणं. ती वॉर्डाच्या दारात रडत होती आणि म्हातारी तिची समजूत घालत होती.

तिथे एक ठेंगणी, सावळी, पन्नाशीची सिस्टर उभी होती. तिने डोक्यावरची पांढरी टोपी काढली, टेबलावर आपटली, आणि पुन्हा घातली.

"ह्या बायकांना आधी कुणी काही सांगतच नाही! इथं येऊन बसल्यावर सांगायचं, तुम्ही जेवलात, आता घरी जा. दीडशे मैलांवरून आल्या त्या आल्या, आणि गाठ काय तोवर थांबणार आहे?"

मी म्हणालो, "सिस्टर, आमचं गाव दीडशे मैल नाही. जाऊन-येऊन फार तर तेवढं होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला झोडपणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही नेमकं बोलता. तुमच्या गावात फोन आहे?"

"दूध संस्थेत आहे."

"नंबर द्या."

त्यातून ते सुरू झालं. त्या वॉर्डात बारामती-इंदापूर भागातल्या ज्या बाईला ऑपरेशनची तारीख मिळे, तिला सिस्टर पुण्यातून फोनवर तयार करू लागल्या. ज्या गावात फोन असेल तिथे थेट, नसेल तिथे आमच्या संस्थेत बाईला बोलावून. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. दुपारी डॉक्टर जेवायला गेले की त्या वॉर्डातला फोन घेऊन बसत. पुढे वरिष्ठ बाईंनी त्याला हरकत घेतली, तेव्हा रस्त्यापलीकडच्या बूथवरून करू लागल्या. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागले, एवढाच आमच्या बाजूला फरक.

त्या काळातली लाइन कशी होती हे आता सांगून खरं वाटणार नाही. लागली तर खरखर, आणि खरखर थांबली की समजायचं फोन कट झाला. त्यामुळे सिस्टर ओरडून बोलत. रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी शब्द न् शब्द कळे. दुधाच्या रांगेतली माणसं कान टवकारत. त्यात पहिल्याच आठवड्यात एक घोटाळा झाला. संस्थेत कुणाचा फोन आला की आमचा मापाडी कर्ण्यावरून पुकारा करायचा. गाव लांबवर पसरलेलं, वस्त्या रानात; तशीच पद्धत होती. त्याने नेहमीसारखं पुकारलं, "शेळकेवस्तीवरल्या हौसाबाई, तुमच्या छातीच्या ऑपरेशनसाठी पुण्याच्या दवाखान्यातनं फोन हाय, लवकर या."

हौसाबाई आल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतर पंधरा दिवस नाही. दूधसुद्धा दिराबरोबर पाठवत. सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या मला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाल्या, "तिकडे बाईला कुणाचा फोन आला तर लोक काही विचारत नाहीत?"

मी विचार केला. "मावशीचा."

"मग मी मावशी. सगळ्यांची."

तेव्हापासून पुकारा व्हायचा, "अमकीला पुण्याच्या मावशीचा फोन." काही महिने हे बरं चाललं. मग लोकांच्या लक्षात आलं की ही एकच मावशी मराठ्यांची आहे, धनगरांची आहे, माळ्यांची आहे, आणि डाळजच्या मुलाण्याचीही आहे. एकाने मला रांगेतून विचारलं, "सचिव, आमच्या बायकूला बी हाय का वो मावशी पुण्यात? लई दिसात म्हायेरचं कुणी आलं न्हाय तिला." सगळे हसले. मी हसलो नाही. ज्या बाईला ती मावशी लाभली तिचं काय चाललं होतं हे मला माहीत होतं.

बायका फोनवर बोलत नसत हा मोठा अडसर होता. आयुष्यात पहिल्यांदा रिसीव्हर हातात, समोर खिडकीतून डोकावणारी माणसं, आणि विषय असला. बाई नुसती घाम पुसत उभी राही. सिस्टरांनी त्यावर एक रीत काढली. त्या म्हणत, "हे बघ, बोलायचं मी. तू फक्त व्हय म्हण नाहीतर न्हाय म्हण." आणि प्रश्न असे रचत की तेवढ्यात सगळं उरकावं. गाठीवरची कातडी ओढल्यासारखी दिसते का? व्हय. काखेत काही हाताला लागतं का? न्हाय. पाळी चालू आहे का? व्हय. मिश्री लावतेस का? इथे सगळ्या बायका थोडा वेळ थांबत. मग, व्हय.

"किती वेळा?" असं त्या चुकून विचारत, आणि मग स्वतःवरच चिडत, कारण त्याचं उत्तर व्हय-न्हायमध्ये बसत नसे.

मिश्री बंद करणं हे सगळ्यांत अवघड काम. गाठ काढू देतील, पण मिश्री सोडणार नाहीत, असं सिस्टर म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती थोडीच होती. खोकला गेल्याशिवाय भूल देता येत नाही, आणि मिश्री आणि चुलीचा धूर गेल्याशिवाय खोकला जात नाही. मग फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून व्यायाम. दवाखान्यात त्यासाठी प्लॅस्टिकचं यंत्र होतं. गावात सिस्टरांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ शोधून काढला. तांब्याभर पाणी घ्यायचं, देठ बुडवायचा, आणि दम लागेपर्यंत सावकाश बुडबुडे काढायचे. आमची वहिनी ओट्यावर बसून हे करी तेव्हा शेजारची पोरं भोवती जमत. पुढे भाऊ तिला घेऊन गेला आणि तिसऱ्या तारखेला तिचं ऑपरेशन झालं. एका बाईच्या सासऱ्याने मला येऊन विचारलं, हे कसलं व्रत हाय?

सगळं सांगून झालं की सिस्टर म्हणत, "आता तू मला सांग." नुसतं 'व्हय' त्यांना तिथे चालत नसे. लोहाची गोळी कधी, चहाबरोबर का नाही, आदल्या रात्रीनंतर पाणीसुद्धा का नाही, ऑपरेशननंतर भिंतीवर बोटं चढवत हात वर कसा न्यायचा, सगळं उलट म्हणून घेत. बाई चुकली की पहिल्यापासून. एकदा फोन तीनदा कट झाला आणि त्यांनी तीनही वेळा पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या वेळी ती बाई रडायला लागली. सिस्टर तिकडून ओरडल्या, "रड, पण सांग!" तिने रडत रडत सगळं बरोबर सांगितलं.

नवऱ्यांशी त्यांचं पटत नसे. बाईऐवजी नवराच फोनवर आला आणि म्हणाला, "काय असंल ते मला सांगा, मी सांगतो तिला," की त्या विचारत, "तुमचं ऑपरेशन आहे का?"

"न्हाय."

"मग बाजूला व्हा."

माझ्याशी मात्र त्या सरळ बोलत. कारण एकच. बारामतीहून आलेला रक्ताचा रिपोर्ट मी त्यांना वाचून दाखवायचो, आणि हिमोग्लोबिन साडेआठ असेल तर साडेआठच म्हणायचो. दुसऱ्या एका गावात कुणी तरी सातला 'नऊ असंल' असं सांगितलं होतं, बाईला परत पाठवायला लागू नये म्हणून, मायेनं. ती बाई पुण्याला जाऊन परत आली. "लोकांची माया मला परवडत नाही, सचिव," असं त्या तेव्हा म्हणाल्या.

आता शालनचं सांगतो.

शालन आमच्याच गावची. धनगराचं घर, आजेसासऱ्यापर्यंत मेंढरं होती, आता चार एकर ऊस आणि दोन म्हशी. नवरा सोपान ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस कर्नाटकाच्या रस्त्याला. घरात सासू गंगूबाई, धाकटा दीर आणि जाऊ. शालन चाळिशीच्या आतबाहेर, अबोल. तिची गाठ तिने कुणाला दाखवायच्या आधी किती दिवस लपवली, ते तिने सिस्टरांनाही सांगितलं नाही.

सिस्टरांनी तिला दीड महिना तयार केलं. तिच्याइतकं मन लावून कुणी केलं नाही असं त्या म्हणत. मिश्री एका दिवसात टाकली. धुराच्या चुलीपासून तिला जावेने लांब ठेवलं. बुडबुडे काढायला ती तांब्या घेऊन गोठ्यात बसे, म्हशीपुढे. रक्ताचा आकडा वाढत वाढत साडेदहावर गेला. तो मी फोनवर वाचला तेव्हा पलीकडे क्षणभर आवाजच आला नाही. मला वाटलं लाइन गेली. मग सिस्टर म्हणाल्या, "शाब्बास म्हणावं तिला. नको, द्या तिच्याकडे, मीच म्हणते."

ठरल्या दिवशी शालन, गंगूबाई आणि दीर पुण्याला गेले. पोट रिकामं, खोकला नाही, रक्त पुरेसं, कागद पूर्ण. सिस्टरांची त्या दिवशी दुपारची पाळी होती, पण काळजी करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

सकाळी वॉर्डातली एक आया शालनला ऑपरेशनचे कपडे घालायला आली. शालनच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, चांगल्या घट्ट बसलेल्या. आयाला घाई होती. तिने शालनचा हात कॉटच्या लोखंडी दांडीवर धरला आणि एका फटक्यात बांगड्या फोडल्या. रोजचं काम होतं तिचं.

गंगूबाई कॉटच्या पायथ्याशी बसली होती. हिरव्या काचा तिच्या पदरावर उडाल्या. तिचा मुलगा सोपान रात्री बेळगावच्या रस्त्याला गाडी घेऊन गेलेला. जिचा नवरा जिवंत आहे तिच्या बांगड्या कुणी फोडत नाही. चुकून तडकली तरी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतात. आणि इथे सुनेच्या हातातल्या सगळ्या एकदम, मुद्दाम. म्हातारीने जो आकांत मांडला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. तिने शालनला उठवलं, लुगडं गुंडाळलं आणि तिन्ही माणसं स्वारगेटला येऊन मिळेल त्या एसटीत बसली.

दुपारी सिस्टर पाळीवर आल्या. दोन वाजता माझा फोन वाजला.

"बेड रिकामा आहे. इथं नुसतं म्हणतात, सासू ओरडत घेऊन गेली. का?"

मला तोवर काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी कळलं, ते त्यांचा पुन्हा फोन आला तेव्हा मी सांगितलं. यावेळी त्या ओरडल्या नाहीत. हळू बोलल्यामुळे मला नीट ऐकू येईना, दोनदा विचारावं लागलं.

"सगळं सांगितलं मी तिला," त्या म्हणाल्या. "नखं कापायचीसुद्धा सांगितली. बांगड्यांचं सांगितलं नाही. आधीच्या बायकांच्या सैल होत्या, निघाल्या, विषयच आला नाही. माझ्या डोक्यातच ते येत नाही, सचिव. मूर्ख बाई मी."

डोक्यात का येत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या रविवारी कळलं.

रविवारी त्या स्वतः सणसरला आल्या. सुट्टीच्या दिवशी, एसटीने, भिगवणला गाडी बदलून. मी स्टँडवर घ्यायला गेलो आणि पहिल्यांदा ओळखलंच नाही. मी त्यांना पांढऱ्या कपड्यांत पाहिलेलं. ड्यूटीवर कुठल्याच सिस्टरच्या हातात बांगड्या नसतात, कपाळाकडे तर कुणी बघत नाही. आता त्या फिकट निळ्या लुगड्यात उतरल्या, कपाळ मोकळं, दोन्ही हात मोकळे. त्या विधवा होत्या. मी तेव्हाच त्यांना एसटीत परत बसवून द्यायला हवं होतं असं माझ्या बायकोने नंतर मला सुनावलं. पण सिस्टरांना परत बसवणारा मी कोण? आणि त्या चालायलाही लागल्या होत्या.

गंगूबाईने आधी चांगलं स्वागत केलं. पुण्याच्या मावशी म्हणून चहा ठेवायला लावला. शालन दारामागे उभी. हातात नव्या हिरव्या बांगड्या भरलेल्या, आधीपेक्षा जास्त. सिस्टर घोंगडीवर बसल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली, की गाठ थांबत नाही, पुढच्या सोमवारची तारीख मिळते आहे, बांगड्या न फोडता काढता येतात. बोलताना त्या हात हलवत. गंगूबाईची नजर त्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली.

"मालक काय करत्यात तुमचं?" तिने विचारलं.

"नाहीत."

"कवापास्नं?"

"मी बावीस वर्षांची होते."

गंगूबाईने चहाचा कप त्यांच्या पुढ्यातून उचलला नाही, पण स्वतः मागे सरकली. "आनि तुमी माज्या सुनंच्या बांगड्या उतरवाया आलाय व्हय? तुमच्यावानी करायचीय तिला?"

मी म्हणालो, "गंगूआक्का, असं बोलू नका."

"तुमी गप बसा सचिव. तुमचा ल्योक हाय का गाडीवर?"

सिस्टरांचा चेहरा काळा पडला. मग म्हणाल्या, "आजी, माझा नवरा गेला त्या दिवशी माझ्या हातभर बांगड्या होत्या. एकही तडकलेली नव्हती."

दारामागे शालन हे ऐकत होती. जाऊही ऐकत होती. मला वाटलं, याच्यापुढे कुणी काय बोलणार?

गंगूबाई म्हणाली, "ते तुमचं नशीब. माज्या लेकावर मी कशाला करून बगू?"

मी सिस्टरांना परत स्टँडवर सोडायला गेलो. एसटी आली तेव्हा चढता चढता म्हणाल्या, "फोनवर मी बरी होते. फोनवर दिसत नाही माणूस." कंडक्टरने घंटी मारली.

पुढचे दोन महिने निव्वळ चिडचिडीत गेले. सिस्टर दर दोन-चार दिवसांनी फोन करीत. मापाडी पुकारा करी. शालन येत नसे. सोपान घरी आला तेव्हा मी त्याला गाठून समजावलं. तो चांगला माणूस, मान खाली घालून ऐकलं, आणि म्हणाला, "आई म्हनंल तसं." मी म्हणालो, "अरे, तुझा जीव बांगडीत नाही, स्टिअरिंगवर आहे." तो म्हणाला, "मला ठावं हाय सचिव. पर मी रस्त्याला असतो, आईला झोप लागत न्हाय. तिला काय सांगू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिस्टरांना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "उत्तर नसलं तर शोधा! मी इथून काय करू? तारा ओढू?" आणि फोन आपटला. मीही वैतागून माझा आपटला. मापाडी माझ्याकडे बघत राहिला.

मग एका सकाळी शालन स्वतः दूध घेऊन आली. किटली ओतून झाली तरी हलेना. रांग संपल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, "सचिव, मावशीला लावा की फोन."

मी वॉर्डाचा नंबर लावला. सुदैवाने लागला, आणि सुदैवाने सिस्टरच होत्या. शालनने रिसीव्हर घेतला. पलीकडून नेहमीसारखा आवाज आला, "हे बघ, बोलायचं मी..."

"न्हाय," शालन म्हणाली. "आज मी बोलती. तुमी व्हय-न्हाय म्हना."

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला.

"गाठ वाडलीय. काकंत बी लागतंय आता. न्हाय काडली तर मी मरंन का?"

"हो."

"काडली तर जगंन?"

"ते मला... शालन, त्याचं उत्तर..."

"व्हय का न्हाय?"

"व्हय. आत्ता आलीस तर, व्हय."

"बांगड्या फुटल्या न्हाईत, नुसत्या कासारानं उतरवल्या, तर चालंल?"

"व्हय."

"माज्या हातातल्या काडून तिथल्या तिथं जावंच्या हातात भरल्या, मजी रिकाम्या राहिल्या न्हाईत, तर तुमच्या डाक्टराला काय हाय का?"

"न्हाय! काही नाही!" सिस्टर इतक्या ओरडल्या की मापाडी आत आला.

"मग या सोमवारी येती," शालन म्हणाली आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन किटली घेऊन निघून गेली. सिस्टर तिकडून हॅलो हॅलो करत राहिल्या.

शनिवारी कासार तिच्या घरी आला. मी गेलो होतो. त्याने शालनचे हात साबणाच्या पाण्यात ठेवले, अंगठ्याचं हाड दाबून एकेक बांगडी अशी काढली की आवाजसुद्धा नाही, आणि काढलेली प्रत्येक लगेच धाकट्या जावेच्या हातात चढवली. जाऊ किडकिडीत, तिच्या हातात त्या कोपरापर्यंत गेल्या. गंगूबाई पाठ करून बसली होती. कासार म्हणाला, "आत्या, बगा तरी. बांगडी घरातच हाय, नुसता हात बदलला." ती वळली नाही. पण उठली तेव्हा तिने एक अट घातली. ऑपरेशन होऊन सून शुद्धीवर येईपर्यंत सोपानने गाडीला हात लावायचा नाही, आणि घराचा उंबराही ओलांडायचा नाही.

सिस्टरांना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या हताश झाल्या. "अहो, आता काखेतलंही काढायचंय, रक्त द्यायला नवरा हवा होता मला! सहीला हवा होता!"

"तो घरी बसवलाय."

"कशासाठी?"

"जिवंत राहण्यासाठी."

पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता का कसला, मला ठरवता आलं नाही. "बसू दे," त्या म्हणाल्या. "दिराला घेऊन या. सही शालनचीच घेऊ. मी बोलते डॉक्टरांशी."

ऑपरेशन झालं. शालन वाचली, आजही आहे. पण काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या, त्यानंतर किरणांचे शेक घ्यावे लागले, आणि तिचा डावा हात कायम सुजलेला राहिला. त्या हाताने तिला धार काढता येत नाही. गावात सगळे म्हणतात, बाई वाचली. सिस्टर शेवटपर्यंत म्हणत, दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांनी किती फरक पडला ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही, तेव्हा मी सांगणार नाही. पुढे वर्षभरात सिस्टरांची दुसऱ्या विभागात बदली झाली. त्यांच्या जागी पेशंटला एक छापील पत्रक मिळू लागलं. 'शस्त्रक्रियेपूर्वी सर्व आभूषणे उतरवावीत' असं त्यात होतं. काचेची बांगडी हे आभूषण नव्हे, हे ते लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. आमच्या भागातल्या बायका पुन्हा ऑपरेशनाविना परत येऊ लागल्या. मी दोन वेळा त्या दवाखान्याला लिहिलं. उत्तर आलं नाही.

सिस्टरांना शेवटचं पाहिलं ते शालनच्या ऑपरेशनच्या दिवशी. आम्ही बाहेरच्या बाकावर होतो, मी, दीर आणि गंगूबाई. दुपारी दार उघडलं. मोठे डॉक्टर बाहेर आले, मागे सिस्टर. डॉक्टर चालता चालता त्यांना म्हणाले, "काखेत बरंच होतं. आधी यायला हवी होती." सिस्टर म्हणाल्या, "हो सर." डॉक्टर गेले. सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी गंगूबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हातारीची धडगत नाही.

गंगूबाई उठून पुढे गेली. "उठली का ती?"

"शुद्धीवर येते आहे. बोलली."

"मग माजा सोपान कसा हाय?"

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. आत सून कापून काढलेली, आणि हिला घरात बसवलेल्या धडधाकट लेकाची चौकशी! त्यांनी गंगूबाईच्या दंडाला धरून तिला जवळजवळ ओढतच वॉर्डाच्या टेबलाशी नेलं आणि फोन फिरवायला लागल्या. लाइन लागेना. त्या प्रत्येक आकडा असा फिरवत होत्या की टेबल हलत होतं. पुन्हा. पुन्हा. दुसऱ्या सिस्टरने काही विचारलं तर तिला हातानेच थांबवलं. शेवटी लागला.

"सणसर? सोपानला बोलवा. शालन शुद्धीवर आली म्हणावं. पळत जा... हो, धरते, धरते... सोपान? जिवंत आहेस ना? थांब, आईला सांग."

गंगूबाईला रिसीव्हर धरता येईना; ती तो उलटा धरत होती. सिस्टरांनी तो काढून घेतला, सरळ केला आणि आपल्या हाताने तिच्या कानाशी, गालाला लावून धरून ठेवला. म्हातारीने मान मागे घेतली नाही.

"सोपाना," ती फोनमध्ये ओरडली, "जेवलास का रं?"

सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. हात मात्र हलला नाही, बोलणं संपेपर्यंत.